निकटचे परदेशी संबंध

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी एका माणसाला आमच्या देशात यायला नकार दिला, आणि दुपारी अडीचला तो कोण होता ते मला कळलं. मधल्या वेळात मी आणखी एकोणीस अर्ज हातावेगळे केले होते, डबा खाल्ला होता, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं होतं आणि वरच्या मजल्यावर जाऊन साहेबांकडून माझ्या नेमणुकीची बातमी ऐकून आले होते. एका लहानशा, डोंगराळ देशात राजदूत म्हणून माझं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. "आता फक्त कागद फिरायचे राहिलेत," साहेब म्हणाले होते. मी व्हिसा विभागाची प्रमुख. अर्ज तपासत बसणं हे तसं माझं काम नव्हे, पण दोघं जण रजेवर असल्यामुळे त्या महिन्यात माझ्याही टेबलावर ढीग येत होता, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. हात बसलेला होता. एका अर्जाला दीड मिनिट.

नकाराची पत्रं सहीसाठी घेऊन आली ती आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी. तिला सगळे नवी म्हणतात, आणि पुढची नवी येईपर्यंत म्हणत राहतील. मी शिकले त्याच विभागातून ती आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एम.ए. झालेली, त्यामुळे माझ्याशी बोलताना तिच्या आवाजात थोडी माहेरची सलगी असते. गठ्ठ्यातलं एक पत्र तिने वर काढलं. "मॅडम, हे बघा ना. हा माणूस आपल्याच विभागात शिकलाय. तुमच्याच सुमाराला." तिचं बोट ज्या वर्षावर होतं ते माझंच वर्ष होतं, आणि त्या वर्षी आमच्या वर्गात परदेशी विद्यार्थी एकच होता. मी अर्जावरचा फोटो पाहिला. टक्कल पडलेला, गालफडं बसलेला, चष्म्याआडून जरा अविश्वासाने बघणारा एक वयस्क माणूस. सकाळीही मी हाच फोटो पाहिला होता. आता पाहिलं तेव्हा त्याची मान किंचित डावीकडे कललेली दिसली, फोटोवाल्याने दोनदा सरळ बसा म्हणूनही तशीच राहून गेलेली, आणि मी त्याला ओळखलं.

"ओळखता तुम्ही?" नवीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि सही केली.

ती सही मी का केली हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं, आणि दर वेळी उत्तर इतकं साधं निघालं की लाज वाटली. निर्णय सकाळीच संगणकात नोंदला गेला होता. तो थांबवायचा तर कारण लेखी द्यावं लागलं असतं. नवी समोर उभी होती, तिच्या हातात आणखी तीस पत्रं होती, आणि पेनचं टोपण उघडलेलंच होतं. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तो अर्ज पहिल्यापासून वाचला, जसा तो सकाळी वाचायला हवा होता तसा. नाव त्याचं मला आठवत नव्हतं असं नाही. पण त्यांच्याकडे दर दहा माणसांत एकाचं ते नाव असतं, आणि त्या नावाने मी त्याला कधी हाक मारलीच नव्हती. शेजारच्या देशातून आलेला, म्हणून पहिल्याच दिवशी वर्गाने त्याला शेजारी करून टाकलं होतं. नोकरी: एका लहान कॉलेजात प्राध्यापक, आईच्या आजारपणामुळे मुदतीआधी सोडली. आई: गेल्या वर्षी वारली. विवाह: नाही. स्वतःचं घर: नाही. याआधी व्हिसा नाकारला आहे का: होय, एकदा. भेटीचं कारण: आजारी शिक्षिकेची भेट. इथली ओळखीची व्यक्ती: एक बाई, वय ब्याऐंशी, पत्ता वृद्धाश्रमाचा. त्या बाईंचं नाव मी सकाळी वाचलंच नव्हतं. वय वाचलं, पत्ता वाचला आणि पुढे 'संदर्भ अपुरा' असं टाकलं. आणि खाली नकाराचं ठरलेलं वाक्य: अर्जदाराचा परत जाण्याचा हेतू सिद्ध होत नाही. बायको नाही, नोकरी नाही, घर नाही, आई नाही. ज्याला परत ओढून नेईल असं काही उरलेलं नाही अशा माणसाला आम्ही आत घेत नाही. सव्वीस वर्षांत त्याचं काय झालं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्याच नकारातून मला कळत होतं. आणि जो माणूस परवाना संपल्यावर एक दिवस जास्त राहिला नव्हता, मी राहा म्हटलं असतं तर राहिला असता पण मी म्हटलं नव्हतं, तो परत जाणार नाही असं मी लिहून दिलं होतं.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी घेतला तेव्हा घरात कुणालाच तो नीट कळला नव्हता. मावशी म्हणाली होती, "म्हणजे गं काय? परदेशातली स्थळं जुळवणार का तू?" आई हसून हसून बेजार झाली, आणि पुढची दोन वर्षं कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर "संबंध जुळवते" असं सांगायची. वर्गात आम्ही एकवीस जण होतो. सगळ्यांना राजदूत व्हायचं होतं. पुढे एक जण मदतकार्याच्या संस्थेत गेला आणि छावण्यांमधले तंबू मोजू लागला, एकीने जहाजांच्या कंपनीसाठी कुठल्या सामुद्रधुनीत कधी गोळीबार होईल याचे अंदाज लिहायला घेतले, एक वर्तमानपत्राच्या परदेश-पानावर बसला आणि ते पान बंद झाल्यावर शेअरबाजाराच्या पानावर सरकला, दोघं शिकवतात, बाकीच्यांनी मुकाट्याने दुसरं काहीतरी केलं. पण त्या दोन वर्षांत आम्ही तह करत होतो. वाटाघाटी हा विषय शिकवायला बाई होत्या. त्यांना नुसतं बाईच म्हणत. आडनाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. ठेंगण्या, आवाज पुरुषी, खांद्यावर कायम एक शाल आणि शालीला खडूची पांढरी बोटं. पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, "इथे कुणी शहाणं व्हायला आलं असेल तर उठावं. मी फक्त ऐकायला शिकवते. दोन वर्षांत तेवढं आलं तरी पुष्कळ झालं."

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला एक नदी दिली. नदी खोटी, पण दोन्ही देश खरे: आमचा आणि शेजाऱ्याचा. पाण्याचा करार करायचा, अकरा दिवसांत. आणि बाईंनी बाजू उलट्या लावल्या. शेजाऱ्याला आमचा देश दिला आणि मला त्याचा. तळघरातल्या वाचनालयात, गरम पाण्याच्या नळ्या भिंतीतून गुरगुरत असायच्या तिथे, आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. तो माझ्या देशाची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडायचा. आमच्या भाषा सख्ख्या बहिणी, क्रियापदं तेवढी थोडी वेगळी वळायची, शिव्या मात्र त्याच. बोलता बोलता त्याला एखादा शब्द आवडला की मान डावीकडे कलायची, जणू त्या बाजूने कुणी हळूच सांगतंय. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "तुमच्या शेतकऱ्यांना उन्हाळ्यात पाणी लागेल, ते मी मागून घेतो." मी म्हटलं, "ते तुझे शेतकरी आहेत आत्ता. माझे नव्हेत." "मला सारखा गोंधळ होतोय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही नळ्यांकडे बघत बसलो. सातव्या दिवसानंतर आम्ही नदीबद्दल फारसं बोललो नाही. अकराव्या दिवशी करार वाचून दाखवला तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण यात कुणीच काही गमावलेलं नाही. दोघंही एकमेकांना देतच सुटलेत. याला करार म्हणत नाहीत, याला प्रेमपत्र म्हणतात. नापास." वर्गात हशा पिकला. माझे कान तापले. शेजारी मात्र उभा राहून म्हणाला, "मान्य आहे, बाई," आणि त्याने ते इतक्या सरळपणे म्हटलं की हसणारे गप्प झाले.

त्याची खोली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. खाली पन्नास घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, आणि तास भरले की ती एकामागून एक वाजत राहायची, पाच-सात मिनिटं, कुठला ठोका खरा ते कळायचं नाही. आम्ही त्यावर खूप हसायचो. दुपारच्या उन्हात त्या खोलीतल्या लाकडी जमिनीला वास यायचा, तेलाचा आणि धुळीचा, आणि मी पाठमोरी बसून परीक्षेच्या नोंदी वाचत असताना तो माझ्या पाठीवर बोटाने नकाशे काढायचा आणि मी देश ओळखायचा. मला फार देश यायचे नाहीत. त्याचा मात्र पहिल्या रेघेतच यायचा.

जूनमध्ये त्याचा परवाना संपला. परीक्षेनंतर तीस दिवस, त्यावर एकही नाही. सीमेकडे जाणाऱ्या बसच्या तळावर आम्ही उभे होतो. माझ्या पर्समध्ये परराष्ट्र सेवेत निवड झाल्याचं पत्र होतं, त्याने ते दोनदा मागून वाचलं, खरोखर आनंदाने. "मी कामाच्या व्हिसासाठी लगेच अर्ज करतो," तो म्हणाला. "त्यात इथल्या ओळखीच्या माणसाचं नाव लागतं. तुझं देऊ ना?" "दे की," मी म्हणाले. "विचारतोस काय?" बस सुटताना त्याने काचेवर हात ठेवला नाही की काही नाही, तो जागेवर बसला, आणि शेजारच्या म्हातारीची पिशवी वर ठेवायला परत उभा राहिला, आणि मला त्याची शेवटची दिसलेली गोष्ट म्हणजे पिशवीखाली वर गेलेले दोन हात.

त्यानंतर अकरा दिवसांनी मी सेवेत रुजू होण्याचे कागद भरले. सतरा पानं. चौदाव्या पानावर विचारलं होतं: निकटचे परदेशी संबंध आहेत का? असल्यास तपशील द्या. त्या वर्षी दोन देशांत काहीतरी बिनसलं होतं, नेहमीसारखंच, वर्तमानपत्रातून आवाज चढले होते. कुणी मला काही सांगितलं नाही. वडिलांनी नाही, आईने नाही, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाने स्वतःच्या कागदावरून मानही वर केली नाही. मी 'नाही' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मला वाटलं, आत शिरेपर्यंत. एकदा आत शिरले की बघू. पण त्या शब्दाला नंतर जपावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या अर्जावरून विचारणा आली तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आणि त्याला नकार मिळाला. तोच तो पहिला नकार, जो बघून मी त्या मंगळवारी दुसरा इतक्या झटकन दिला. त्याची तीन पत्रं आली. पहिलं काळजीचं, दुसरं नुसत्या हवापाण्याचं, आणि तिसऱ्यात एवढंच की तुला अडचण होत असेल तर मी लिहिणार नाही. त्याचंही उत्तर मी दिलं नाही, आणि त्याने लिहिलं नाही.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वृद्धाश्रमात गेले. माझ्या घरापासून तो चार थांब्यांवर होता. बाई तिथे सहा वर्षं होत्या आणि मी एकदाही गेले नव्हते, कारण बाईंच्या समोर बसून नोकरी कशी चाललीय ते सांगावं लागलं असतं. खोली पहिल्या मजल्यावर, पलंग, खुर्ची, ऑक्सिजनचं यंत्र, खिडकीबाहेर सुकत घातलेल्या चादरी. बाई उशीत रुतलेल्या, चेहरा मुठीएवढा झालेला. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उशीर केलास. बस. वाचता येतंय ना अजून? कचेरीत गेलं की लोक वाचायचं विसरतात." आणि उशीखालून एक पत्र काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. शेजाऱ्याचं. सव्वीस वर्षं तो त्यांना लिहीत होता, महिन्याला एक. मी वाचून दाखवलं. आईच्या खोलीतली कपाटं रिकामी केली, वर्गातल्या एका मुलाने नदीचा करार तुमच्या पद्धतीने केला आणि मी त्याला पास केलं, तुम्ही रागावाल. व्हिसाचा अर्ज टाकलाय. यंदा मिळेल असं वाटतं, आता माझ्यापासून कुणाला काय धोका असणार? माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते नसणं मी मोठ्याने वाचू शकत नव्हते, म्हणून पत्राची घडी घातली.

"तू व्हिसाच्याच कचेरीत ना?" बाई म्हणाल्या. "जरा बघ की कुठे अडलंय ते. माझ्याकडे काही फार दिवस नाहीत."

"बघते, बाई," मी म्हणाले.

गुरुवारी गेले, शुक्रवारी गेले. दोन्ही दिवशी त्यांनी विचारलं आणि दोन्ही दिवशी मी बघते म्हणाले. शुक्रवारी निघताना परिचारिकेने मला जिन्यात गाठून सांगितलं की डॉक्टर महिनाभर म्हणतात, त्याच्या पुढे काही बोलत नाहीत. शनिवारी मी खुर्चीत बसले आणि अंगावरचा कोटही काढला नाही. "बाई, त्याला नकार मीच दिलाय. सकाळी दिला तेव्हा ओळखलं नव्हतं. दुपारी ओळखलं, आणि सही केली." यंत्र श्वास घेत होतं. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "अर्ज वाचला होतास?"

"दीड मिनिट."

"म्हणजे मीच कमी पडले म्हणायची," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो घेऊन घरी गेले असते. त्या खरंच, डोळे मिटून, कुठल्या तासाला आपलं चुकलं ते आठवत होत्या. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं हलवलेलं नाही. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि माझ्याच हातावर वरून ठेवला. "रडून काय होणार? लिहून दे. जे झालं ते सगळं. चौदाव्या पानापासून." चौदावं पान त्यांना कुठून ठाऊक, हे मी विचारलं नाही. सेवेत गेलेल्या किती तरी मुलांनी ते पान भरण्याआधी त्यांच्याकडे येऊन सल्ला विचारला असेल. मी विचारला नव्हता.

नवऱ्याला मी रविवारी सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे, कमी बोलणारा. तो धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं, राजदूतपद जाईल हेही.

"वर्गात होता म्हणतेस," तो म्हणाला.

"हो."

"वर्गात वीस जण होते. त्यांच्यातल्या कुणाबद्दल तू मला असं दारात उभी राहून सांगितलं नाहीस." एका टॉवेलाची त्याने दोनदा घडी घातली. "लिही. मात्र माझा विचार करून थांबू नकोस, आणि माझा विचार करून लिहूही नकोस." मग टॉवेलांची चळत उचलून तो आत गेला आणि कपाटाचं दार लागल्याचा आवाज मला बराच वेळ आला नाही. आमचं लग्न चांगलं आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्याला इतकी वर्षं काहीतरी कमी पडत होतं, आणि त्याने ते कधी मोजलं नव्हतं.

सोमवारी मी साहेबांसमोर कागद ठेवला. पानभर मजकूर: अर्जदार माझ्या निकट परिचयाचा होता व आहे, सव्वीस वर्षांपूर्वी मी ही गोष्ट दडवली, त्याचा पहिला नकार माझ्या मौनामुळे आणि दुसरा माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, तरी दुसऱ्या अधिकाऱ्याने अर्ज पुन्हा तपासावा. साहेबांनी वाचला आणि पालथा ठेवला. "अहो, सव्वीस वर्षांपूर्वीचा एक शब्द! कोण बघतंय? त्यांना अपील करायला सांगा, दुसरं कुणी तरी मंजूर करून टाकेल."

"अपिलाला सहा महिने लागतात, साहेब. ज्यांना भेटायला तो येणार त्यांच्याकडे महिना आहे."

"आणि तुमची नेमणूक? आठवडा राहिलाय." त्यांचा आवाज खाली आला. "हा कागद मी घेतला की मला परत देता येणार नाही, लक्षात घ्या."

"घ्या," मी म्हणाले.

नेमणूक गेली. चौकशी बसली, तीन माणसं एका लांब टेबलापलीकडे, सभ्य, पाण्याचा पेला पुढे सरकवणारी. नातं कशा स्वरूपाचं होतं, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या लघुलेखकाचं पेन माझ्या उत्तराची वाट बघत थांबलं. "प्रेम होतं," मी म्हणाले. तो शब्द मी माझ्या देशाच्या कार्यालयात पहिल्यांदा उच्चारला, आणि तिघांनीही आपापल्या कागदांकडे पाहिलं. मला अभिलेख विभागात पाठवलं, जुन्या तहांच्या प्रती सांभाळायला. याचं दुःख झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दुःख व्हायला आत जागा नव्हती. कारण पुनर्तपासणी रेंगाळली होती. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होती, आणि आता माझ्या हातात काहीही नव्हतं. मी रोज संध्याकाळी पाचला वृद्धाश्रमात जायचे. बाईंना त्याची जुनी पत्रं वाचून दाखवायचे, पहिल्यापासून, महिन्यामागून महिना. त्यांच्यासाठी वाचत होते असं मी म्हणायचे. त्याचं कॉलेज, त्याचे विद्यार्थी, आईचं पडणं, दाराशी आलेलं मांजर, एका वर्षी लग्नाचा विचार, पुढच्या महिन्यात त्याचा उल्लेख नाही. माझं नाव सव्वीस वर्षांत एकदा आलं होतं. नवव्या वर्षी. ती बरी आहे ना, एवढंच विचारलं होतं. "मी काय उत्तर दिलं ते विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या. मी विचारलं. "बरी आहे, असं लिहिलं. मला काय ठाऊक? तू कुठे येत होतीस?"

तिसऱ्या आठवड्यात, सतराव्या वर्षाच्या पत्रांवर आम्ही होतो, तेव्हा बाई गेल्या. संध्याकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी होतं. मी वाचत होते आणि मला वाटलं त्या ऐकताहेत. पान उलटलं तेव्हा कळलं की थोड्या वेळापासून मी एकटीच वाचतेय. मी ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग परिचारिकेला हाक मारली.

पाचव्या आठवड्यात व्हिसा मंजूर झाला. नवीने अभिलेख विभागात येऊन मला सांगितलं. ती जिने उतरून धावत आली होती आणि तिला वाटलं होतं की मला आनंद होईल. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती तिथल्या स्टुलावर बसली. "मॅडम, त्या दिवशी मी ते पत्र तुमच्यासमोर नसतं काढलं तर…" "तर मला कळलंच नसतं," मी म्हणाले. "बरं केलंस." ती गेल्यावर मी बाहेर पडले. कार्यालयासमोर पाण्याची टाकी आहे, तिच्या सावलीत एक सिमेंटचा कठडा आहे, तिथे माणसं दुपारी बसतात. मी बसले आणि त्याचा नंबर लावला. खूप वेळ वाजला.

"हॅलो?"

"मी बोलतेय," मी म्हणाले, आणि पुढे नाव सांगायला लागले.

"ओळखला आवाज," तो म्हणाला.

त्याचा आवाज जाड झाला होता, मधूनच घोगरा, पण क्रियापदं तशीच वळत होती. व्हिसा मंजूर झाल्याचं मी सांगितलं. त्याने आभार मानले. बाईंचं त्याला आश्रमातून कळलं होतं. "जवळ कोण होतं त्यांच्या?" त्याने विचारलं. मी होते म्हटल्यावर तो म्हणाला, "बरं झालं. मला तीच काळजी होती." मी त्याला म्हटलं की व्हिसा तीस दिवसांचा आहे, तो येऊ शकतो. "आता तिथे येऊन काय करू?" तो म्हणाला. दुखवायला नव्हे, खरोखर विचारावं तसं, आणि थोडा थांबलाही, उत्तर येतंय का बघत. मला उत्तर देता आलं असतं. कठड्यावर माझ्या बाजूला दोन टायपिस्ट बायका संत्रं सोलत होत्या, आणि सालीचा वास येत होता, आणि मी गप्प बसले.

"एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "मागच्या महिन्यात जो नकार आला होता…"

"ठाऊक आहे. पत्रावर सही होती ना." तो जरा हसला. "अजून तशीच करतेस, शेवटचं अक्षर खाली ओढून. मी सही आधी पाहिली आणि मजकूर मग वाचला. रागावू नकोस, पण मला बरं वाटलं होतं. म्हटलं, इतक्या वर्षांनी माझं नाव तिच्यासमोर गेलं. तिने वाचलं असेल. काम बाजूला ठेवून बसली असेल थोडा वेळ. मग काही कारण असेल, म्हणून नाही म्हणाली असेल. ते पत्र मी ठेवलंय. तुझं आलेलं तेवढं एकच आहे."

टायपिस्ट बायका उठून गेल्या. टाकीतून पाण्याचा एक बारीक ओघळ भिंतीवरून खाली येत होता.

"खरं सांगशील?" तो म्हणाला. "किती वेळ बसली होतीस गं माझा अर्ज घेऊन?"

पाच आठवडे मी खरं तेच लिहीत आणि बोलत आले होते. साहेबांसमोर, नवऱ्यासमोर, लांब टेबलापलीकडच्या तीन माणसांसमोर. त्याची सवय होत आली होती.

"खूप वेळ," मी म्हणाले. "दुपारभर. कुणाला आत येऊ दिलं नाही."

"हं," तो म्हणाला. मग, हळूच, "मलाही तसंच वाटलं होतं."